शेतकरी राष्ट्रवादाचा सिद्धान्त आणि साताऱ्याचे प्रतिसरकार : चाल्मर्स जॉन्सन यांच्या चीनविषयक ग्रंथाचे समीक्षण

चाल्मर्स जॉन्सन (१९३१–२०१०) या अमेरिकन अभ्यासकाचा ‘पेझंट नॅशनॅलिझम अँड कम्युनिस्ट पॉवर’ हा ग्रंथ १९६२ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या प्रकाशन विभागाने प्रसिद्ध केला. १९३७ ते १९४५ या जपानविरोधी युद्धाच्या काळात चिनी साम्यवादी पक्षाला खेड्यापाड्यांतून एवढा प्रचंड पाठिंबा कसा मिळाला, हा या ग्रंथाचा विषय आहे. त्याच वर्षी कोल्हापूर येथे शिवाजी विद्यापीठाची स्थापना झाली आणि सातारा, सांगली व कोल्हापूर या जिल्ह्यांतील महाविद्यालये त्याच्या छत्राखाली आली. त्याच वर्षी चीनशी युद्ध झाले आणि १९४२ साली सातारा जिल्ह्यात भूमिगत राहून चळवळ करणारे यशवंतराव चव्हाण देशाचे संरक्षणमंत्री झाले. पुढील काळात इतिहासाच्या पदव्युत्तर वर्गांत आधुनिक चीनचा अभ्यास होत राहिला आणि स्वातंत्र्यचळवळीच्या वर्गात प्रतिसरकारही शिकवले गेले. मात्र हे दोन विषय वेगवेगळ्या तासांना, वेगवेगळ्या वह्यांत राहिले. येनानच्या डोंगराळ प्रदेशात आणि कृष्णा-येरळेच्या काठी एकाच दशकात, एकाच महायुद्धाच्या छायेत शेतकऱ्यांनी प्रस्थापित राज्यसत्तेला समांतर सत्ता उभी केली होती, ही गोष्ट मात्र क्वचितच एकत्र मांडली गेली.

जॉन्सन यांचा ग्रंथ साताऱ्याच्या अनुभवाच्या उजेडात वाचला असता त्याचे सामर्थ्य आणि त्यातील उणीव दोन्ही अधिक स्पष्ट होतात, आणि प्रतिसरकारविषयीच्या मराठी लेखनाने आजवर टाळलेला एक प्रश्नही समोर येतो.

ग्रंथाचे प्रतिपादन

जॉन्सन यांचा सिद्धान्त थोडक्यात असा. १९३१ ते १९३४ या काळात किआंगसी प्रांतात साम्यवादी पक्षाने जमीनवाटपाच्या कार्यक्रमावर शेतकऱ्यांना संघटित करण्याचा प्रयत्न केला. तो अपयशी ठरला आणि पक्षाला दीर्घ पलायन करावे लागले. १९३७ मध्ये पक्षाचे सुमारे चाळीस हजार सभासद होते. १९४५ मध्ये ती संख्या बारा लाखांवर गेली आणि पक्षाच्या दाव्यानुसार नऊ कोटींहून अधिक लोकसंख्या त्याच्या प्रभावक्षेत्रात आली. मधल्या आठ वर्षांत पक्षाचा आर्थिक कार्यक्रम उलट सौम्य झाला होता. जमीन जप्त करण्याऐवजी खंड आणि व्याज कमी करण्यावर भर होता. म्हणजे किआंगसीत जहाल कार्यक्रमाने जे साधले नाही ते उत्तर चीनमध्ये मवाळ कार्यक्रमाने साधले. तेव्हा यशाचे कारण कार्यक्रमात शोधण्यात अर्थ नाही, असे जॉन्सन म्हणतात. ते कारण जपानी आक्रमणात होते. आक्रमणापूर्वी चिनी शेतकऱ्याला राष्ट्र ही संकल्पना अपरिचित होती. जपानी सैन्य आले तेव्हा जिल्ह्याचे अधिकारी व मोठे जमीनदार शहरांकडे पळाले, गावकारभारात पोकळी निर्माण झाली आणि जीव वाचवण्यासाठी शेतकऱ्याला संघटनेची गरज भासू लागली. ती संघटना साम्यवादी पक्षाने पुरवली. १९४० च्या उत्तरार्धातील शंभर रेजिमेंटांच्या मोहिमेनंतर जपानी सैन्याने ‘सारे मारा, सारे जाळा, सारे लुटा’ हे धोरण १९४१-४२ मध्ये राबवले, तेव्हा तटस्थ राहू पाहणाऱ्या गावांनाही पर्याय उरला नाही.

कार्ल डॉइच यांच्या ‘सामाजिक चलनवलन’ या संकल्पनेचा आधार घेऊन जॉन्सन दाखवतात की, युद्धाने शेतकऱ्याला त्याच्या गावाच्या शिवेबाहेर ढकलले आणि त्यातून राष्ट्राची जाणीव घडली. पुढे ते युगोस्लाव्हियाकडे वळतात. जर्मन फौजांनी १९४१ मध्ये तो देश व्यापल्यावर टिटोच्या नेतृत्वाखालील पार्टिझन दलांनाही असाच पाठिंबा मिळाला. दोन्ही ठिकाणी साम्यवाद राष्ट्रवादाच्या खांद्यावर बसून सत्तेवर आला, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

शीतयुद्धाच्या ऐन भरात हे लिहिणे धाडसाचे होते. चिनी क्रांती हा मॉस्कोहून रचलेला कट होता असे मानणाऱ्यांना हा सिद्धान्त रुचला नाही, आणि ती भूमिहीनांची सामाजिक क्रांती होती असे मानणाऱ्यांनाही रुचला नाही. डॉनल्ड गिलिन यांनी १९६४ मध्येच शान्सी प्रांताचा पुरावा देऊन जपानी आक्रमणापूर्वीही आर्थिक गाऱ्हाण्यांपायी शेतकरी लाल सेनेकडे वळले होते, असा आक्षेप घेतला. मार्क सेल्डन यांनी १९७१ मध्ये येनानच्या परिसराचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या प्रदेशात जपानी सैन्य कधी शिरलेच नाही तोच पक्षाचा सर्वांत भक्कम तळ कसा झाला, हा त्यांचा प्रश्न बिनतोड होता. जॉन्सन यांनी १९७७ मध्ये ‘चायना क्वार्टर्ली’त एक दीर्घ लेख लिहून आपल्या ग्रंथाचे समर्थन केले. त्या वादाचा सर्व तपशील येथे आवश्यक नाही.

साधनांचा प्रश्न मात्र महत्त्वाचा आहे. जॉन्सन यांचा मुख्य आधार जपानी लष्कराचे गुप्त अहवाल हा आहे. शत्रूने स्वतःच्या उपयोगासाठी लिहिलेली कागदपत्रे प्रचारकी नसतात, हा त्यांचा युक्तिवाद मान्य करण्याजोगा आहे. परंतु लष्करी हेरखात्याला गाव दिसते ते त्रास देणारे किंवा न देणारे म्हणून. त्या गावात आधी कोणती शाळा होती, कोणत्या जातीत किंवा कुळात वैर होते, कोण कोणाचे देणे लागत होते, हे त्या अहवालांत येत नाही. परिणामी ग्रंथातील शेतकरी १९३७ च्या आधी इतिहास नसलेला माणूस वाटतो. सातारा जिल्ह्यातील पोलिसांच्या १९४२ नंतरच्या कागदपत्रांतही हीच अडचण येते. तेथे प्रतिसरकारचे कार्यकर्ते दरोडेखोरांच्या रांगेत उभे असतात.

आक्रमण नसलेला जिल्हा

जॉन्सन यांनी तुलनेसाठी निवडलेल्या चीन आणि युगोस्लाव्हिया या दोन्ही देशांत परकी सैन्याने गावे व्यापली आणि दोन्हीकडे शेतकऱ्यांची समांतर सत्ता उभी राहिली. कारण आणि कार्य दोन्ही उपस्थित असलेलीच उदाहरणे घेतली की संबंध सिद्ध झाल्यासारखा वाटतो. कारण अनुपस्थित असून कार्य घडलेले उदाहरण तपासले पाहिजे होते. ते त्याच काळात सातारा जिल्ह्यात घडत होते.

येथे सातारा म्हणजे जुना जिल्हा अभिप्रेत आहे. १९४९ मध्ये त्याचे विभाजन होऊन तासगाव, खानापूर, वाळवा, शिराळा हे तालुके आणि विलीन झालेली काही संस्थाने मिळून दक्षिण सातारा जिल्हा झाला. १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. १९४२ च्या ऑगस्टअखेरीस व सप्टेंबरात या जिल्ह्यात कराड, तासगाव, वडूज, इस्लामपूर येथील कचेऱ्यांवर निःशस्त्र मोर्चे गेले. ९ सप्टेंबर रोजी वडूज येथे गोळीबार होऊन परशुराम घार्गे व त्यांचे सहकारी हुतात्मा झाले. दुसऱ्याच दिवशी इस्लामपूरलाही गोळीबार झाला. त्यानंतर चळवळ भूमिगत झाली आणि १९४३ पासून नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली तिने समांतर कारभाराचे रूप घेतले. गावोगाव न्यायदान मंडळे बसली, कुंडल परिसरात तुफान सेना उभी राहिली, सावकारांच्या घशात गेलेल्या जमिनींचे तंटे सोडवले गेले, दारूबंदी झाली, कमी खर्चाची ‘गांधी लग्ने’ लागली. हे १९४६ पर्यंत चालले.

या काळात साताऱ्यात एकही जपानी सैनिक नव्हता. सामुदायिक दंड, झडत्या, अटका आणि मारहाण होती. पण उत्तर चीनमधील बेचिराख गावांशी त्याची तुलना करणे अतिशयोक्तीचे ठरेल. उलट याच जिल्ह्याने ब्रिटिश सैन्याला पिढ्यान्‌पिढ्या शिपाई पुरवले होते. सातारा तालुक्यातील अपशिंगे गावाच्या नावापुढे ‘मिलिटरी’ हा शब्द त्यामुळेच लागला. परकी सैन्य गावात आले नव्हते, गावातील मुलेच परक्यांच्या सैन्यात होती. जॉन्सन यांचा सिद्धान्त काटेकोरपणे लावला तर येथे १९४२ च्या गोळीबारानंतर शांतता नांदायला हवी होती.

जॉन्सन यांच्या बाजूने एक उत्तर देता येते. महायुद्ध साताऱ्यात सैन्याच्या रूपाने आले नसले तरी महागाई, धान्याची वसुली, रेशन व सैन्यभरती या रूपांनी आलेच होते. हे खरे आहे. परंतु महागाई आणि टंचाई तर मुंबई इलाख्यातील सर्वच जिल्ह्यांत होती. मग समांतर सत्ता येथेच एवढी खोल का रुजली? या प्रश्नाचे उत्तर १९३९ नंतरच्या घटनांत सापडत नाही. ते १९३९ च्या आधी शोधावे लागते, आणि जॉन्सन यांची पद्धत नेमकी तेथे थांबते.

महात्मा फुले यांचे मूळ गाव कटगुण खटाव तालुक्यातले. १८७३ मध्ये स्थापन झालेला सत्यशोधक समाज विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात साताऱ्याच्या खेड्यांत जलशांच्या मार्गाने पोहोचला. ढोलकी-झांजांच्या तालावर गण, बतावणी व वग यांतून भटशाही आणि सावकारी यांवर टीका करणारे हे जलसे गावच्या देवळासमोर होत आणि ते ऐकायला अक्षरओळख लागत नसे. गेल ऑम्वेट यांनी १९७६ च्या आपल्या ग्रंथात या प्रवाहाचा आणि १९१९ ते १९२१ मधील साताऱ्याच्या कुळांच्या संघर्षाचा शोध घेतला आहे. १९१९ मध्येच भाऊराव पाटील यांनी कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ पासून साताऱ्याच्या वसतिगृहात निरनिराळ्या जातींची मुले एका पंगतीत जेवू लागली. १९३० मध्ये सत्यशोधक परंपरेतील तरुण मोठ्या संख्येने काँग्रेसकडे वळले. शिराळ्याच्या बाजूला बिळाशीचा जंगल सत्याग्रह झाला. स्वतः नाना पाटील तलाठी होते आणि त्याच सुमारास त्यांनी नोकरी सोडली. सरकारी वसुलीच्या अगदी खालच्या पायरीवर बसलेला, दप्तर, खाते आणि गहाणखत यांची भाषा जाणणारा माणूस पुढे गावोगावच्या न्यायमंडळांचा नेता झाला, हा योगायोग मानता येणार नाही.

तेव्हा सातारच्या शेतकऱ्याला सत्तेला प्रश्न विचारण्याची सवय गोळीबाराने लावली नाही. ती सवय वीस-पंचवीस वर्षे आधीपासून होती. शिवाय तिचा पहिला रोख इंग्रजांवर नव्हता, तर गावातल्या भटजी-सावकारावर होता. राष्ट्रवाद त्यावर नंतर चढला. येनानबाबत सेल्डन यांनी जे दाखवले त्याच्याशी हे जवळचे आहे. उत्तर चीनमधील बहुसंख्य शेतकरी स्वतःची जमीन कसणारे होते, आणि रयतवारी पद्धतीच्या साताऱ्यातही मोठा वर्ग कुणबी-मराठा खातेदारांचा होता, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. केवळ खंड आणि जमीनवाटप या शब्दांत दोन्हीकडचे स्पष्टीकरण होत नाही, एवढे जॉन्सन यांचे म्हणणे मान्यच करावे लागते.

सीमाप्रदेश आणि पोकळी

ग्रंथाचा जो भाग साताऱ्याच्या अभ्यासकाला खरोखर उपयोगी आहे तो वेगळाच आहे. चिनी साम्यवाद्यांचे तळ प्रांतांच्या सीमांवर उभे राहिले. शेन्सी-कान्सू-निंगशिया, शान्सी-चहार-होपेई ही नावेच ते सांगतात. एका प्रांताचे पोलीस दुसऱ्या प्रांतात शिरत नसत, महसुलाचे अधिकारी सीमेवरच्या गावांकडे दुर्लक्ष करीत. (सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस याच शान्सी-चहार-होपेई सीमाप्रदेशात आठव्या मार्ग सेनेच्या जखमींवर शस्त्रक्रिया करीत होते आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. मराठी वाचकाला हा प्रदेश ठाऊक आहे तो त्यांच्यामुळे.)

आता जुन्या साताऱ्याचा नकाशा पाहावा. ब्रिटिश तालुक्यांच्या मधोमध औंध, सांगली, मिरज, जत, फलटण अशा संस्थानांचे तुकडे पसरलेले होते आणि दक्षिणेला कोल्हापूर होते. प्रतिसरकारचे मुख्य केंद्र असलेले कुंडल हे गाव औंध संस्थानात मोडत होते. त्याला लागून किर्लोस्करवाडीचा कारखाना होता. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ मध्ये गांधीजी व मॉरिस फ्रिडमन यांच्या सल्ल्याने ग्रामपंचायतींच्या पायावर उभी असलेली राज्यघटना लागू केली होती. म्हणजे तुफान सेना जेथे वाढली तेथील गावकऱ्यांना पंचायतीच्या कारभाराची ओळख आधीच होती, आणि ब्रिटिश पोलिसांना तेथे शिरताना हद्दीचा विचार करावा लागत होता. सीमेच्या या भूगोलाला प्रतिसरकारवरील मराठी लेखनात जेवढे स्थान मिळायला हवे तेवढे मिळालेले नाही. अ. बा. शिंदे यांचा १९९० मध्ये प्रसिद्ध झालेला इंग्रजी ग्रंथ घटनाक्रमासाठी आजही आधारभूत आहे. आठवणी, गौरवग्रंथ आणि स्मरणिका यांची संख्याही मोठी आहे. मात्र आठवणी सांगणाऱ्याच्या दृष्टीने हद्द ही ओलांडायची रेघ असते, तिचे विश्लेषण करण्याची त्याला गरज नसते.

पोकळीचा मुद्दाही असाच आहे. जॉन्सन यांच्या चीनमध्ये अधिकारी पळून गेल्यामुळे पोकळी आपोआप निर्माण झाली. साताऱ्यात पोलीसपाटील, तलाठी, मामलेदार आपापल्या जागी होते. येथे पोकळी निर्माण करावी लागली. प्रतिसरकारची पहिली पत वाढली ती दरोडेखोर आणि गावगुंड यांचा बंदोबस्त केल्यामुळे, कारण सरकारी पोलिसांचे बळ राजकीय कैद्यांच्या मागे लागले होते आणि गावाचे रक्षण करणारे कोणी उरले नव्हते. त्यानंतर खबऱ्यांची पाळी आली.

येथे ‘पत्री सरकार’ या दुसऱ्या नावाचा विचार करणे भाग आहे. तळपायांवर होणाऱ्या शिक्षेमुळे हे नाव पडले, असे सामान्यतः सांगितले जाते. व्याख्यानांतून ते अजूनही हशा आणि टाळ्या घेते. जॉन्सन यांच्या ग्रंथातील सर्वांत कमकुवत दुवा हाच आहे. राष्ट्रवादाने प्रेरित शेतकरी स्वखुशीने सत्तेच्या पाठीशी उभा राहिला, एवढेच त्यात दिसते. चेन युंग-फा यांनी १९८६ मध्ये मध्य व पूर्व चीनच्या अभ्यासातून दाखवलेली, पक्षाने घडवून आणलेली संघर्षसभा आणि तिच्यातील धाक त्यात दिसत नाही. साताऱ्याच्या इतिहासलेखनातही संमती आणि धाक यांचे प्रमाण किती होते, चुकीच्या खबरीवरून शिक्षा झालेल्यांचे काय झाले, न्यायदान मंडळात अस्पृश्य जातींतील आणि गुन्हेगार ठरवलेल्या जमातींतील माणसांना कोणत्या बाजूला उभे राहावे लागत होते, हे प्रश्न अर्ध्यावर सोडले जातात. हुतात्म्यांचा अवमान होईल या भीतीने हे प्रश्न टाळणे त्या चळवळीच्या मोठेपणाला कमीपणा आणणारे आहे. ज्या न्यायमंडळांनी सावकारालाही बोलावून दोन्ही बाजू ऐकल्या, त्यांच्या कामाला चिकित्सेचे भय असण्याचे कारण नाही.

स्त्रियांच्या सहभागाबाबत तर जॉन्सन जवळपास मौन पाळतात. साताऱ्यात लीलाताई पाटील, राजमती बिरनाळे, नाना पाटलांच्या कन्या हौसाताई यांची नावे घेतली जातात. बहुतेक वेळा नावांच्या पुढे मजकूर जात नाही.

१९४६ चा प्रश्न

ग्रंथाच्या शीर्षकातील शेवटचा शब्द ‘सत्ता’ हा आहे, आणि साताऱ्याचा अनुभव जॉन्सन यांना दुरुस्त करतो तसाच जॉन्सन यांचा ग्रंथ येथे साताऱ्याच्या अभ्यासकाला अडवतो. १९४५ च्या ऑगस्टमध्ये जपानने शरणागती पत्करली. शत्रू गेल्यावर चिनी तळप्रदेश विसर्जित झाले नाहीत. त्यांच्याजवळ धान्यरूपाने गोळा होणारा कर होता, नियमित सैन्य होते आणि त्या दोन्हींवर नियंत्रण ठेवणारा पक्ष होता. राष्ट्रवादाने माणसे जमवली असली तरी ती टिकवून ठेवणारी यंत्रणा राष्ट्रवादाची नव्हती. हा फरक जॉन्सन यांच्या स्वतःच्या पुराव्यातूनच निघतो, पण त्यांचा सिद्धान्त तो पुरेसा मोजत नाही.

साताऱ्यात १९४६ च्या एप्रिलमध्ये बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ मुंबईत सत्तेवर आले, वॉरंटे मागे घेतली गेली, भूमिगत कार्यकर्ते उघडपणे गावात आले आणि त्यांच्या मिरवणुका निघाल्या. त्याबरोबर न्यायदान मंडळे थांबली. ज्या सरकारला प्रति म्हणून हे सरकार उभे राहिले होते ते जाऊन आपलेच सरकार आल्यावर प्रतिसरकारचे प्रयोजन संपले, असे त्याचे नेहमी दिले जाणारे स्पष्टीकरण आहे. म्हणजे या स्पष्टीकरणात साताऱ्याची चळवळ जॉन्सन यांच्या शेतकऱ्यासारखीच निव्वळ राष्ट्रवादी ठरते. सावकारी, हुंडा, दारू, तंटे यांविरुद्ध तीन वर्षे चाललेले काम मग कोठे गेले? ते काम सत्यशोधक परंपरेतून आले असेल, तर परकी सरकार जाताच ते थांबायचे कारण नव्हते.

थांबल्यावर माणसे मात्र पांगली. नाना पाटील शेतकरी कामगार पक्षातून साम्यवादी पक्षात गेले आणि १९५७ मध्ये साताऱ्यातून लोकसभेवर निवडून आले. २४ जुलै १९४३ रोजी सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडलेले वसंतदादा पाटील आणि वाईचे किसन वीर काँग्रेसमध्ये राहिले, कुंडलचे जी. डी. बापू लाड शेतकरी कामगार पक्षात गेले. वाळव्यात नागनाथअण्णा नायकवडी यांनी उभ्या केलेल्या साखर कारखान्याला चकमकीत पडलेले हुतात्मा किसन अहिर यांचे नाव आहे, आणि कुंडलच्या कारखान्याला जी. डी. बापूंचे. शेअर, ऊस आणि संचालक मंडळ यांच्या भाषेत न्यायदान मंडळाचा कारभार किती उतरला आणि किती गळाला, हे तपासण्याची साधने आजही दोन्ही जिल्ह्यांत आहेत : सोसायट्यांची जुनी दप्तरे, तालुका कचेऱ्यांतील फेरफार नोंदी, आणि १९४३ ते १९४६ या काळात सोडवलेल्या गहाण जमिनींची त्यानंतरची खाती. एखाद्या गावाचा फेरफार उतारा १९४० पासून १९५७ पर्यंत सलग वाचला, तर सावकाराकडून परत आलेली जमीन मूळ खातेदाराच्या नावावर किती वर्षे राहिली हे कळू शकेल. जॉन्सन यांना होपेईतल्या एकाही गावासाठी असा कागद उपलब्ध नव्हता.